हसऱ्या काकांचा शेवटचा घास

१

हसरे काका स्वतःच्याच दुकानातला बर्गर कॅमेऱ्यांसमोर खाऊन मेले, तेही कंपनीच्या वाढदिवशी. लोकांच्या जिभेला हाड नसतं. संध्याकाळपर्यंत या मरणावर विनोद फिरायला लागले होते. मीही एकावर हसले, खोटं कशाला बोलू? त्या माणसाचं हसरं तोंड प्रत्येक खोक्यावर, पेल्यावर, कागदी पिशवीवर छापलेलं असायचं आणि ती सगळी खोकी शेवटी माझ्या दारासमोरच्या गटारात येऊन पडायची. मला त्या तोंडाचा मनापासून वीट आला होता.

मग डॉक्टरांनी सांगितलं की काका बर्गरने गेले नाहीत, बर्गरमधून पोटात गेलेल्या औषधाने गेले. हृदयाचे ठोके आवरणारी एक गोळी असते. रोज एक घेतली तर माणूस जगतो, मूठभर घेतल्या तर ठोके आवरता आवरता बंदच पडतात. तशा मूठभर गोळ्या कुणीतरी कुटून त्या एका बर्गरमध्ये घातल्या होत्या. आणि तो बर्गर तळून दिला होता काकांच्या मेहुण्याने. झारामामाने.

झारामामा म्हणजे काकांचा जुना जोडीदार. दोघांनी मिळून पहिलं दुकान काढलं, आणि वीसेक वर्षांपूर्वी मामा बाहेर पडला. पडला की पाडला, यावर दोन मतं नव्हती. सगळं गाव म्हणायचं, काकांनी त्याला ताकातल्या माशीसारखा उचलून फेकला. आता पोलिसांनी मामाचे खिसे पाहिले, तर त्याच गोळ्यांचं अर्धं संपलेलं पाकीट निघालं. मग काय, चोर मुद्देमालासकट सापडला म्हणून सगळे मोकळे झाले.

मी पूर्वी विमा कंपनीसाठी मेलेल्या माणसांच्या चौकशा करायचे. आता स्वतःच्या हिमतीवर करते. डॉक्टरांनी मला साखर, तेल आणि राग बंद करायला सांगितलंय. पहिल्या दोन गोष्टी सोडल्या आहेत.

माझ्या खोलीच्या खालीच एक शिवणकामाचं दुकान आहे. ते चालवणारी बाई झारामामाची मुलगी आहे, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. ती मोजपट्टी गळ्यात तशीच ठेवून जिना चढून आली आणि दारात उभी राहिली. बाबांना धरलंय, म्हणाली. मी म्हटलं, बस, पाणी पी, आणि माझ्या बाबांनी काही केलेलं नाही हे एवढं वाक्य सोडून बाकी सगळं सांग, कारण ते वाक्य प्रत्येकीचं पाठ असतं.

ती बसली नाही.

"ताई, ते वाक्य मी म्हणते," ती म्हणाली. "बाबा म्हणत नाहीत. ते म्हणतात, माझ्याच हातून झालं. कबुलीजबाबावर सही करायला तयार बसलेत."

२

पोलीस ठाण्यातला इन्स्पेक्टर माझा जुना ओळखीचा. आमचं कधी पटलं नाही, म्हणून आम्ही एकमेकांना मान देतो. त्याने मला भेटू दिलं, वर सांगितलं की बाई, उगाच शेण ढवळू नका, म्हातारा स्वतःच कबूल होतोय.

झारामामा बाकावर बसले होते. हात मांडीवर उताणे ठेवलेले, कोपरापर्यंत तेलाचे जुने डाग. मला वाटलं होतं, गडी कडवट असेल. वीस वर्षं राग उराशी धरून बसलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यांचे ओठ आत ओढलेले असतात. यांचे नव्हते. हे नुसते थकले होते.

मी आधी आयुष्याचंच विचारलं. माणूस गुन्ह्याबद्दल बोलताना सावध असतो, आयुष्याबद्दल बोलताना नसतो. ते म्हणाले, बसथांब्याजवळ एक हातगाडी, एक कढई आणि तिघंजण. ते स्वतः तळायचे, हातात सतत झारा, म्हणून ते नाव पडलं. त्यांची धाकटी बहीण पावाला सॉस लावायची. आणि त्यांचा मित्र गिऱ्हाईकाला हाका मारायचा. मित्राचं हसू एवढं मोठं की पोट भरलेला माणूससुद्धा थांबायचा. पुढे बहिणीचं त्या मित्राशी लग्न झालं. गाडीचं दुकान झालं, दुकानाची दुकानं झाली, हसणाऱ्याचं चित्र पाटीवर गेलं. तळणाऱ्याचं कोण लावतो?

मग तुम्ही बाहेर का पडलात, मी विचारलं.  झालं ते झालं, मामा एवढंच म्हणाले. त्यानंतर त्यांनी कारखान्यांच्या कॅन्टीनमध्ये उभं आयुष्य चाकरी केली, मुलीला वाढवलं आणि मेहुण्याचं नाव घरात काढलं नाही. बहीण अधूनमधून कपडेलत्ते पाठवायची. काका मात्र वीस वर्षांत फिरकले नाहीत.

आणि आता, वाढदिवसाच्या थोडं आधी, काका स्वतः जिने चढून दारात आले. धाप लागलेली, हसू नाही. म्हणाले, झाऱ्या, पहिल्या दुकानाच्या भिंतीवर तुझं नाव लावतोय, दोघांनी सुरू केलं असं. त्या दिवशी पहिला बर्गर तू तळ, ती सॉस लावेल, मी खाईन. जुन्यासारखं. आणि संध्याकाळी आपण दोघंच बसू, बोलू.

संध्याकाळ काही आली नाही.

मग मी गोळ्यांचं विचारलं. त्यांना गोळी गिळवत नाही, सकाळी कुटून पाण्यातून घेतात. त्या दिवशी दुकानाच्याच ओट्यावर कुटली. नजर कमी झाली आहे, हात कापतात. सांडली असेल, हाताला लागली असेल, पावावर गेली असेल.

मी विचारलं, किती कुटल्या होत्या?

"एक."

"एका गोळीने माणूस मरत नाही, मामा. मूठभर होत्या."

"मग मूठभर कुटल्या असतील, मला म्हाताऱ्याला काय आठवतंय," ते म्हणाले. "माझ्या हातचं खाऊन मेला ना तो? मग कुणाच्या हातून झालं?"

मला राग आला. खरे खुनी हात झटकून मोकळे होतात आणि ही असली माणसं न केलेलं अंगावर ओढून घेतात. बाहेर आल्यावर मुलगी म्हणाली की हे ठोक्यांचं दुखणं त्यांच्या घराण्यातलंच, आजी त्यातच गेली. मी तिला म्हटलं, बाबांना सांग, दोन दिवस सही करू नका, एवढं तरी माझं ऐका. बर्गर तळणीतून निघाल्यावर काकांच्या तोंडापर्यंत आणखी कुणाच्या हातातून गेला, ते मला बघायचं होतं.

तो तिघांच्या हातांतून गेला होता.

३

पहिला हात पुतण्याचा. काकांना मूलबाळ नव्हतं. भावाचा मुलगा काकींनी, म्हणजे मामांच्या बहिणीने, लहानपणापासून वाढवला आणि आता तोच कंपनी चालवत होता. त्याची खोली सगळ्यात वरच्या मजल्यावर, जिथे तळणाचा वास पोचत नाही. बोलणं असं गोड की ऐकणाऱ्याची साखर वाढावी. स्वयंपाकघरातून ताट त्याने आणलं होतं, हे त्याने आपणहून सांगितलं. मामांचं नाव भिंतीवर लागणार होतं, आणि नावाबरोबर हिस्साही मिळणार होता, यावर त्याची काही हरकत नव्हती म्हणे. हे सांगताना तो टेबलावरची एकच पेन्सिल पुन्हा पुन्हा सरळ करत होता.

काका आपल्या दुकानातला बर्गर रोज खायचे, असं त्याने मला अभिमानाने सांगितलं. रोज एक, न चुकता. त्याचा स्वतःचा जेवणाचा डबा बाजूला उघडा होता. त्यात उकडलेल्या भाज्या होत्या.

दुसरा हात जाहिरातवाल्याचा. ताट व्यासपीठावर नेण्याआधी त्याने पाव ब्रशने तेल लावून चमकवला होता, कॅमेऱ्यासाठी. केस पांढरे, बूट लाल, आणि बोलायला भुकेला. मी पुतण्याचं वाक्य त्याला ऐकवलं, की काका रोज एक बर्गर खायचे.

तो हसला आणि मग गप्प झाला. मी काही न बोलता बसून राहिले. गप्प बसणं हे माझ्या धंद्यातलं सगळ्यात स्वस्त हत्यार आहे.

"बाई, हे बाहेर जाऊ देऊ नका," तो शेवटी म्हणाला. "एवढ्या जाहिराती केल्या मी त्यांच्या. त्या माणसाने एक घासही कधी गिळलेला नाही."

घास घ्यायचा, चावायचा, डोळे मिटायचे, हसायचं, आणि कॅमेरा बंद झाला की थुंकायचं. चित्रीकरणात पायाशी बादली ठेवलेली असायची. लोकांसमोर असले कार्यक्रम असले की ड्रायव्हर खांद्याशी घडी घातलेला रुमाल घेऊन उभा राहायचा. काका तोंड पुसल्यासारखं करून घास रुमालात टाकायचे, ड्रायव्हर रुमाल आणि उरलेला बर्गर घेऊन जायचा. हे कुणाकुणाला माहीत होतं? जाहिरातवाल्याला, ड्रायव्हरला आणि काकींना. पुतण्यालाही ठाऊक नव्हतं, त्याच्यासमोर काका कधी थुंकले नाहीत. मी का म्हणून विचारलं, तर काका म्हणायचे म्हणे, हे विकायचं आहे, खायचं नाही. खायचं होतं ते झाऱ्या करायचा.

सगळ्या गावाला आयुष्यभर जे खायला घातलं, ते हा माणूस स्वतः तोंडातून बाहेर काढत होता.  पण मग दुसरंच डोक्यात आलं. जो माणूस घास गिळतच नव्हता, त्याच्या पोटात विष गेलं कसं?

मी म्हटलं, त्या दिवसाचं चित्रीकरण दाखव.

४

पडद्यावर सगळं दिसत होतं. मामा झाऱ्याने चिकन काढतात, पावावर ठेवतात. पुतण्या ताट आणतो, मोबाईलवर बोलत. जाहिरातवाला ब्रश फिरवतो. मग तिसरा हात, काकींचा. त्या जुन्यासारखाच सॉस लावतात, लोकांकडे पाठ करून, पाव झाकतात आणि नवऱ्याच्या हातात देतात. टाळ्या. सॉसचं भांडं एकच, आणि त्यातलाच सॉस पुढे पाहुण्यांनीही खाल्ला, त्यांना काही झालं नाही, हे पोलिसांनी तपासलेलं होतं.

काका घास घेतात. चावतात. आणि थांबतात.

हसू जातं चेहऱ्यावरचं. तो चेहरा मी हजारो खोक्यांवर पाहिला होता, पण हसू नसलेला प्रथमच पाहिला. साधा, वयस्कर, भुकेल्या माणसाचा चेहरा होता. ड्रायव्हर रुमाल पुढे करतो. काका त्याच्याकडे बघत नाहीत. ते गिळतात. मग दुसरा घास, मग तिसरा. काकी ताट घ्यायला हात पुढे करतात, तर काका ताट छातीशी धरतात आणि म्हणतात, "आज नाही देणार." लोक खळखळून हसतात. काकी पुन्हा हात पुढे करतात, या वेळी जोरात. काका पाठ फिरवून उरलेलं सगळं खातात आणि बोटंही चाटतात.

जाहिरातवाल्याने नाक ओढलं. त्याला मी तेवढ्यापुरतं माफ केलं.

सगळे म्हणत होते, बघा, नवऱ्याच्या पथ्याची केवढी काळजी त्या माउलीला. मला ती काळजी वाटली नाही. नवरा तेलकट खातोय म्हणून बायको ओरडेल, डोळे वटारेल. काकींचा चेहरा पांढराफटक पडला होता.

पुढे काका खाली उतरून मामांच्या गळ्यात हात टाकतात. दोघं हसतायत, काका मामांच्या कानाशी काहीतरी बोलतात, मामांचं हसू थांबतं. आणि त्यांच्या मागे, काचेच्या दाराबाहेर, एक पांढरी गाडी येऊन उभी राहते.

मी जाहिरातवाल्याला मागे घ्यायला लावलं. पुन्हा पाहिलं. अँब्युलन्सच होती. रोगी अजून हसतोय, मित्राच्या खांद्यावर हात टाकून उभा आहे, छातीला हात नाही, घाम नाही. आणि अँब्युलन्स दारात.

आजाराच्या आधी अँब्युलन्स कुणी बोलावली?

५

इन्स्पेक्टरला हे माहीत होतं. काकींनीच बोलावली, तो म्हणाला, नवऱ्याचा रंग ओळखला हो त्यांनी, अशी बायको मिळायला भाग्य लागतं. मी म्हटलं, भाग्यवान तो मेला ना.

ड्रायव्हर बोलायला तयार नव्हता. काकांवर त्याचा जीव होता आणि काकींची भीती. शेवटी मी त्याला सांगितलं की रुमालाचं मला ठाऊक आहे, पुढचं सांग. तो रडायलाच लागला. काका खाऊन उतरल्यावर काकी त्याच्याकडे आल्या आणि रुमाल मागितला. एवढ्या वर्षांत त्यांनी तो कधी मागितला नव्हता. त्याने दिला. रुमाल कोराच्या कोरा, घडी न मोडलेला. काकींनी तो उघडला, उलटापालटा केला, आणि मटकन खुर्चीवर बसल्या. मग फोन काढला. तेव्हा काका हसत होते, हे त्याने मी न विचारताच सांगितलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई आणखी सरळ बोलल्या. काका आले तेव्हा शुद्धीत होते. खाण्यातून काहीतरी गेलंय एवढं कळत होतं, पण काय ते कळेना. कळलं असतं तर त्यावर उतारा होता, कपाटात होता. घरच्यांना त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं. काकी पलंगाशी नवऱ्याचा हात धरून बसल्या होत्या. मान हलवत होत्या, नाही म्हणून.

तिथून मी तडक काकींच्या घरी गेले. मोठं घर, बसायला सतरा जागा आणि बसावंसं कुठेच वाटू नये असं. काकी खिडकीजवळ बसल्या होत्या. चेहरा झारामामांचाच, फक्त त्याला कधी तेलाची वाफ लागलेली नव्हती. जवळच्या टेबलावर पाण्याचा पेला आणि गोळ्यांची डबी. मी विचारलं, ठोक्यांची का? त्या म्हणाल्या, हो, आईकडून आलेलं. दादालाही आहे.

मी म्हटलं, मला सगळे सांगत होते की कुणीतरी काकांना मारायला विष घातलं. पण ते खरं नाही. घालणाऱ्याची पक्की खात्री होती की काका गिळणार नाहीत. घास रुमालात पडेल, बर्गर परत येईल, मग आरडाओरडा करायचा, कडू लागतंय, पांढरं काय आहे बघा. काकांच्या केसालाही धक्का नाही आणि मामा आयुष्यातून उठला. हे ज्याला सुचलं, त्याला रुमालाचं ठाऊक होतं, त्याच्याकडे मामा घेतात तसल्याच गोळ्या होत्या, आणि त्याचा हात त्या पावावर पडला होता. जाहिरातवाल्याकडे गोळ्या नाहीत. ड्रायव्हरने पाव शिवला नाही. पुतण्याला रुमालाचं माहीत नाही. आणि काका गिळताना दिसल्यावर ताटाला झोंबलं कोण? कोरा रुमाल बघून अँब्युलन्स कुणी बोलावली?

काकी ऐकत होत्या. नाकारलं नाही, रडल्याही नाहीत.

"वीस वर्षांत त्यांनी एकदाही गिळलं नाही," त्या एवढंच म्हणाल्या. "माझ्या हातचंसुद्धा पुरं खायचे नाहीत."

"दवाखान्यात बोलला असतात तर ते वाचले असते."

 त्या उठल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, बाई, तुम्ही हे सगळं पोलिसांना सांगा. ते विचारतील, बहीण सख्ख्या भावाला का अडकवेल? काय सांगाल?

मी निघायला उठले. 

"आणि दादालाही सांगा," त्या म्हणाल्या. "माझं नाव ऐकलं की तो कबुलीवर आजच सही करेल. मी त्याला ओळखते."

६

इन्स्पेक्टरनेही तेच विचारलं. अँब्युलन्स बोलावली हा काही खून नाही, आणि बहिणीला काय पडलंय भावाला गोवायचं? पुतण्याच्या हिश्श्यासाठी, मी म्हटलं, पण मलाच ते पटेना. हिश्श्यापायी नवऱ्याला डोळ्यांदेखत मरू देणारी बाई ती नव्हती. तिच्या घशात दुसरंच काहीतरी अडकलं होतं, आणि ते तिने नवरा जात असतानाही बाहेर येऊ दिलं नव्हतं.

आता एकच दार उरलं होतं, आणि ते उघडलं तर मामा आत अडकणार, हे काकींनी मला आधीच सांगून ठेवलं होतं. मी जिन्यात मुलीला विचारलं. तुझ्या बाबांना खरं सांगितलं तर ते बहिणीसाठी सही करतील, न सांगितलं तर स्वतःला खुनी समजून करतील. काय करू? तिने डोळे पुसले. म्हणाली, सांगा. निदान स्वतःच्या हाताला तरी दोष देणार नाहीत.

मुलीला घेऊन मी ठाण्यात गेले. मामांसमोर कबुलीजबाब ठेवलेला होता, पेनही, आणि इन्स्पेक्टर शेजारी उभा होता. मी सगळं सांगितलं, काही न वगळता. रुमाल, सॉस, ताट, गोळ्या. ते मध्ये बोलले नाहीत. फक्त काकांनी बोटं चाटली हे सांगितलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले.

"सगळं खाल्लं त्याने?" त्यांनी विचारलं.

"सगळं."

मग त्यांनी पेन उचललं. मुलगी पुढे झाली, बाबा म्हणाली, त्यांनी हाताने तिला थांबवलं. बहीण चुकली असेल, म्हणाले, पण मारायचं तिच्या मनात नव्हतं, तुम्हीच सांगता. तिचं वय झालंय. मला कोठडीत काय, कॅन्टीनमध्ये काय, सारखंच.

माझा राग टाळूपर्यंत चढला. हा माणूस आयुष्यभर बहिणीच्या ताटात स्वतःला वाढत आला होता आणि आताही तेच करायला निघाला होता. मी म्हटलं, करा सही, पण आधी एक ऐका. दवाखान्यात काका शुद्धीवर होते. डॉक्टरीण विचारत होती, काय खाल्लं, काय दिलं, उतारा आहे माझ्याकडे. तुमची बहीण त्यांचा हात धरून बसली होती आणि नाही म्हणत होती.

मामांचा हात थांबला.

"एकदाही बोलली नाही?"

"नाही."

"तो तिच्याकडे बघत होता?"

मी म्हटलं, शुद्धीत होते, बघतच असणार.

त्यांनी पेन खाली ठेवलं. कागद टेबलावर इन्स्पेक्टरकडे सरकवला. मला अडकवलं ते मी पचवलं असतं, म्हणाले. लहान होती तेव्हापासून तिचं सगळं पचवत आलोय. आणि मग त्यांनी इन्स्पेक्टरला बसायला सांगितलं, आपलंच घर असल्यासारखं, आणि सरळ बोलायला सुरुवात केली.

"वीस वर्षांपूर्वी ती माझ्याकडे आली. म्हणाली, दादा, ह्यांना तू नकोसा झालायस. मालावरून भांडतोस, दुकानं वाढू देत नाहीस. तोंडावर सांगायला त्यांची जीभ रेटत नाही. तू आपणहून गेलास तर त्यांचीही लाज राहील आणि माझा संसारही. मी दुसऱ्या दिवशी झारा ठेवला आणि निघालो. त्याला एक शब्द विचारला नाही. बहीण सांगतेय म्हणजे खरंच असणार."

मुलगी भिंतीला टेकली. तिला आयुष्यभर सांगितलं होतं की काकांनी हाकललं, म्हणून आपण असे राहतो.

"आणि त्या दिवशी," मामा म्हणाले, "त्याने माझ्या गळ्यात हात टाकला आणि कानात विचारलं, झाऱ्या, मला टाकून का गेलास रे? तुझ्या बहिणीने मला सांगितलं, तुला दुसरीकडे जास्त मिळत होतं."

  इन्स्पेक्टरने कोरा कागद काढला आणि मामांचा नवा जबाब लिहायला घेतला. मी म्हटलं, संध्याकाळी दोघं बसणार होते ना, बोलायला? मामा म्हणाले, हो. तेच तिला नको होतं. आम्ही दोघं नुसते समोरासमोर बसलो असतो तर सगळं बाहेर पडलं असतं, की मी नकोसा तिला झालो होतो, त्याला नाही. मी त्याला म्हटलं होतं, संध्याकाळी सांगतो.

इन्स्पेक्टरने विचारलं, हे तुम्ही आधी का नाही सांगितलं? मुलीलाही का नाही?

"माझी बहीण होती ती," मामा म्हणाले. मग त्यांनी तो नवा जबाब आपल्याकडे ओढला आणि इन्स्पेक्टरने लिहून संपवायची वाट न बघता खाली सही केली.